उपाशीपोटीचा चहा : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, सोमवार

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ८.६, फेरिटिन ६, एमसीव्ही ६८. भांडुप स्टेशनचा पूल चढताना मधेच कठडा धरून का उभं राहावं लागतं, त्याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ८ ते १०.९ म्हणजे मध्यम. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. तो १५ च्या खाली गेला की साठा संपला असं समजायचं. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा आकार. माझ्या पेशी लहान राहिल्यात, कारण त्यांत भरायला लोहच पुरत नाही.

पेशी लहान असणं थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही दिसतं, म्हणून गोळ्या लिहिण्याआधी डॉक्टरांनी एचपीएलसी नावाची तपासणी सांगितली, आणि पाळीत जास्त जातं म्हणून सोनोग्राफी. मग विचारलं, ‘चहा किती घेता? कधी कधी?’ मी दिवस सांगत गेले. उठल्यावर. डबे भरताना. ऑफिसात पोचल्यावर. अकराला. डबा खाऊन झाला की लगेच. चारला. घरी आल्या आल्या. ते लिहीत होते. लिहून झाल्यावर म्हणाले, ‘आता याच कागदावर खाणं सांगा.’ खाणं दोनच वेळांचं निघालं, दुपारचा डबा आणि रात्रीचं जेवण. सकाळी साडेपाचला उठणारी मी दुपारी दीडपर्यंत चहावर असते.

ऑफिसात बांधकाम प्रकल्पांच्या रोजच्या नोंदी ठेवणं हेच माझं काम. हाही प्रकल्प तसाच नोंदवणार आहे. उद्दिष्ट: हिमोग्लोबिन १२ च्या वर, आणि साठा भरायला लागलेला. उपाय: लोहाच्या गोळ्या, वेळेवर खाणं, चहा बंद. डॉक्टरांनी चहा साफ बंद करायला सांगितलेला नाही. जेवणापासून आणि गोळीपासून लांब ठेवा, एवढंच म्हणाले. पण माझ्या दिवसात चहाला लांब सरकवायला जागाच नाही. तो जिथे जिथे आहे तिथे खाणं असायला हवं होतं. म्हणून बंद.

१३ जून, गुरुवार

एचपीएलसी ठीक. सोनोग्राफीत एक लहान फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, काळजीचं नाही. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करायची गोळी वेगळी दिली आहे. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण सगळा दोष चहावर टाकणं बरोबर नाही. जातं जास्त आणि येतं कमी, असं दोन्हीकडून झालंय. जाणं औषधाने आवरेल. येणं माझ्या हातात आहे.

गोळी फेरस अॅस्कॉर्बेटची, १०० मिलिग्रॅम लोहाची, आणि ती एक दिवसाआड घ्यायची. रोज का नाही, हे मी विचारलं. लोहाची गोळी पोटात गेली की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर ते आतड्याला लोह शोषू देत नाही. दुसऱ्या दिवशीची गोळी त्या अडसरावर जाऊन आपटते आणि वर पोट बिघडवते. एक दिवस मोकळा सोडला की पुढची गोळी जास्त लागू पडते. सकाळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. दूध, कॅल्शियमची गोळी, चहा, कॉफी यांतलं काही आसपास नको.

चहा नेमकं काय करतो तेही नीट समजून घेतलं. पालेभाज्या, डाळी, धान्यं यांतलं लोह मांसाहारातल्या लोहासारखं सहज शोषलं जात नाही. चहातली पॉलिफेनॉल्स, ज्यांना आपण सरसकट टॅनिन म्हणतो, ती या लोहाला आतड्यातच धरून ठेवतात आणि ते तसंच बाहेर पडतं. १९८३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात जेवणाबरोबर चहा दिल्यावर लोहाचं शोषण ६४ टक्क्यांनी घटलं होतं, कॉफीने ३९ टक्क्यांनी. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली: जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने काही बिघडलं नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने जेवणाबरोबर घेतल्याइतकंच नुकसान केलं. म्हणजे ‘जेवले, आता कपभर चहा’ ही आपली लाडकी वेळ सगळ्यात वाईट.

दूध घातल्याने चहा सौम्य होतो, असं घरात सगळ्यांना वाटतं. १९९९ च्या एका अभ्यासात हेही तपासलं होतं. दुधाने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. साखरेऐवजी गूळ घातला तरी चहापत्ती तीच, त्यामुळे नाक्यावरचा गुळाचा चहाही या हिशेबात चहाच. आणि पुदिन्याचा नुसता काढासुद्धा त्या अभ्यासात शोषण ८४ टक्क्यांनी घटवत होता! तेव्हा ‘हर्बल’ लिहिलेल्या पाकिटांवर विसंबून चालणार नाही.

१६ जून, रविवार

एकदम सोडायचा नाही असं ठरवलं. कॅफिनची सवय असलेल्या माणसाने ते तडकाफडकी बंद केलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, पहिल्या एक-दोन दिवसांत ते शिगेला पोचतं आणि आठवडाभरही रेंगाळू शकतं. माझं डोकं घरात, लोकलमध्ये आणि ऑफिसात चालू असावं लागतं. म्हणून आधी जेवणानंतरचा गेला. मग डबे भरतानाचा. मग अकराचा. उठल्यावरचा शेवटी जाईल, तो सगळ्यात जड आहे.

त्या उठल्यावरच्या चहाबद्दल एकदा लिहून ठेवते. पाणी उकळायला लागलं की आलं ठेचून टाकायचं, किसून नाही; किसलेलं आलं दुधात उतरलं की कधी कधी दूध फाटतं. मग गवती चहाची दोन पाती गाठ मारून. मग साखर, मग पत्ती. उकळी वर आली की आच बारीक, परत मोठी, परत बारीक. दूध घातल्यावर रंग विटकरी व्हायला हवा; पांढुरका झाला की आमच्याकडे सासूबाई तो पीत नाहीत. हा चहा मला आवडतो. तो वाईट आहे म्हणून मी सोडत नाहीये. हे वाक्य प्रकल्पाच्या नोंदीत असायला हवं.

२३ जून, रविवार

उठल्यावरचाही गेला. डोकं दुखलं, पण कामाला लागता येईल इतपत. दुपारी मात्र डोळे मिटत होते. जाग राखण्याचं काम कॅफिन करत होतं. ते गेल्यावर खरा थकवा किती आहे ते दिसलं. आठ-साडेआठ हिमोग्लोबिनवर माणूस थकतोच. चहा हा थकवा घालवत नव्हता, मला तो कळू देत नव्हता.

दुसरी गोष्ट भूक. सकाळी सात-सव्वासातला कडकडून भूक लागली. भाजणीचं थालीपीठ खाल्लं, लोणी नको म्हणून लिंबाच्या लोणच्याबरोबर. खाताना लक्षात आलं की ही भूक नवीन नाही. मुलगी शाळेत जायला लागल्यापासूनच्या सगळ्या सकाळी ती असणारच. साखर, दूध आणि कॅफिन मिळून तिला अकरापर्यंत ढकलत होते, आणि अकराचा कप दीडपर्यंत.

२६ जून, बुधवार

कच्चे तांदूळ. लहानपणापासून तांदूळ निवडताना दोन दाणे तोंडात टाकायची सवय, पण गेली दोनेक वर्षं मी डब्यातून मूठभर काढून ऑफिसच्या पर्समध्ये ठेवत होते. पुडी बांधून. चघळले की बरं वाटायचं. डॉक्टरांना हे आज सांगितलं. ते म्हणाले, आधी सांगितलं असतंत तर रक्त न तपासताही मी अंदाज बांधला असता. लोह कमी झालं की कच्चा तांदूळ, बर्फ, माती, पाटीवरची पेन्सिल असलं खावंसं वाटतं. यालाच पिका म्हणतात. बर्फ चघळावासा वाटणं तर लोहाच्या कमतरतेचं जवळजवळ ओळखीचं लक्षण. आमच्या ऑफिसात एक जण उन्हाळ्यात फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावत असते आणि सगळ्या तिला चिडवतो. उद्या तिच्याशी बोलणार आहे.

८ जुलै, सोमवार

रात्रभर मुंबईला झोडपलं. कितीतरी ठिकाणी पहाटेच्या सहा तासांत ३०० मिलिमीटरच्या वर. भांडुपला रुळांवर पाणी, गाड्या बंद, शाळांना सुट्टी. सगळे घरी. अशा दिवशी घरात चहा किती वेळा होतो ते मराठी माणसाला सांगायला नको. मी आमसुलाचं गरम सार करून घेतलं, वरून जिऱ्याची फोडणी आणि ओलं खोबरं.

सासूबाई त्यांचा कप घेऊन माझ्याजवळ बसल्या. त्यांना माझा हा प्रकल्प आवडलेला नाही. घरातली सून कोरड्या तोंडाने कामाला जाते हे त्यांना बघवत नाही. मी त्यांना भुकेचं सांगितलं. त्या जरा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, ‘भूक मारायलाच तर प्यायचो ग.’

त्यांचं सासर लालबागचं, मामंजी, म्हणजे माझे सासरे, गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा माझा नवरा चार वर्षांचा होता. पहिले काही महिने उधारीवर निघाले. मग दूध बंद झालं. मग रात्रीची भाकरी फक्त मामंजींना आणि पोराला, आणि त्या स्वतः कोरा चहा आणि पाव. पुढे पोरालाही कधी कधी तेच. ‘गोड चहात पाव बुडवून दिला की झोपायचा. रडायचा नाही,’ असं त्या म्हणाल्या. नवरा तिथेच बसला होता. त्याला यातलं काही आठवत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात चहाच्या उद्योगाने खप वाढवायला कारखान्यांत, कोळशाच्या खाणींत, कापडगिरण्यांत चहाचे ठेले उघडून घेतले होते. १९०३ पासून निर्यातीच्या चहावर कर बसवून त्या पैशातून प्रचार चालायचा. कामगाराला मधल्या सुट्टीत चहा मिळाला तर तो ताजातवाना होऊन पुन्हा मागावर उभा राहील, असा त्यामागचा विचार. १९३० च्या दशकात आसामात सीटीसी यंत्र आलं. पानं चिरडून, फाडून, वळवून दाणेदार पत्ती निघायला लागली. ती स्वस्त पडते, थोडीशी टाकली तरी दुधात कडक रंग देते. कटिंग ज्यावर चालतो ती हीच. या शहराला चहा पाजला गेला तो काम करून घेण्यासाठी, आणि बाईच्या वाट्याला तो आला तेव्हा घासाच्या जागी आला. हे मला आज सासूबाईंच्या बोलण्यातून जसं कळलं तसं आधी कधी कळलं नव्हतं.

१५ जुलै, सोमवार

हिमोग्लोबिन १०.०. वाढ योग्य आहे, डॉक्टर समाधानी. शौचाला काळं होतं, ते या गोळ्यांनी होतंच. बद्धकोष्ठासाठी रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका आणि भरपूर पाणी. तांदळाची पुडी पर्समध्ये नाही. कधी थांबली ते सांगता येणार नाही, हात जायचा बंद झाला एवढं खरं. बर्फवालीने रक्त तपासून घेतलं. तिचं ९.२.

ऑफिसातला चहावाला पोरगा पहिल्या आठवड्यात रोज विचारायचा, ‘ताई, काय झालं?’ आता तो मला आलं उकळलेलं गरम पाणी आणून देतो आणि पैसे घेत नाही. मी महिन्याचे एकदम देते, तेव्हा घेतो.

खाण्याचं: सकाळी सातला काहीतरी शिजवलेलं आणि त्यावर आंबट. पोह्यांवर लिंबू, उसळीवर लिंबू, भाकरीबरोबर आवळ्याची चटणी. क जीवनसत्त्व असलं की भाजी-धान्यातलं लोह शोषलं जातं, टॅनिनच्या अगदी उलट काम. मटकी मोड आणूनच. मोड येताना धान्यातलं फायटेट कमी होतं, तेही लोहाला अडवणारंच असतं. लोखंडी तवा-कढई माळ्यावरून खाली आली. टोमॅटोची चटणी कढईत केली की जरा काळपट दिसते, मुलगी तोंड वाकडं करते, पण तो काळपटपणा म्हणजेच अन्नात उतरलेलं लोखंड. आमटीत आमसूल घालायचं असलं तर मात्र उतरवून दुसऱ्या भांड्यात. नाहीतर शाईच होते. मासळीचे दिवस नाहीत, १ जून ते ३१ जुलै बंदी. सुकट आणि खाडीच्या तिसऱ्यांवर भागवतेय. तिसऱ्यांत लोह भरपूर.

२१ जुलै, रविवार

आज मावशींशी बोलणं झालं, आणि या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच आहे.

मावशी आमच्याकडे घरकामाला सकाळी सातला येतात, टेकडीवरच्या वस्तीतून उतरून. त्यांचा पहिला चहा आमच्याकडे. मग पुढची घरं. प्रत्येक घरी आल्यावर चहा. त्यांना कुणी वाईट वागवत नाही, उलट कौतुकाने देतात, बिस्किटंही देतात. पहिला जेवणाचा घास दुपारी तीनला, घरी गेल्यावर. त्याच्यावरही चहा. मी सकाळी एकटीच थालीपीठ खायला लागल्यापासून मला त्यांच्या हातातल्या कपाकडे बघवत नव्हतं. आज त्यांना म्हटलं, मावशी, उद्यापासून आपण दोघी सातला खाऊ. त्या आधी हसल्या. मग पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. दवाखान्यातून मिळालेल्या लाल गोळ्या, ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अॅसिड. ‘ताई, मी पण घेते ना. पण मळमळतं, म्हणून चहाबरोबर घेते.’

चहाबरोबर. दवाखान्यातल्या गर्दीत त्यांना हे सांगायला कुणाला सवड झाली नसेल. गोळी फुकट, दवाखान्यापर्यंतची चाल फुकट नाही. तासभर रांग, एका घरचं काम चुकवून. आणि ती गोळी चहात विरघळून वाया. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निघालं. सरकार त्यासाठी गोळ्या देतं, माझ्या मुलीच्या शाळेतही आठवड्याला एक निळी गोळी मिळते, आणि हे चांगलंच आहे. पण गोळीबरोबर ‘चहा नको, लिंबूपाणी घ्या’ हे चार शब्द गेले नाहीत तर आपण काय दिलं?

२८ जुलै, रविवार

मुलीला हे पटवून द्यायला मावशींच्या पाकिटातली एक गोळी मागून घेतली. वरचं लाल आवरण सुरीने खरवडलं, आतली पूड चमचाभर पाण्यात मिसळली. दोन काचेचे पेले, दोन्हींत गाळलेला कोरा चहा, तांबूस, आरपार दिसणारा. एकात ते पाणी ओतलं. रंग लगेच मळकट झाला, मग ढवळत गेलो तसा जांभळट-काळा, आणि थोड्या वेळाने पेल्यापलीकडची खिडकी दिसेनाशी झाली. मुलगी म्हणाली, ‘आई, ही तर शाई.’ खरंच शाई. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, यांची काळी शाई पूर्वी अशीच करायचे. तिने त्यात काडी बुडवून कागदावर स्वतःचं नाव काढलं. वाळल्यावर ते आणखी काळं झालं.

मावशी भांडी ठेवून बघायला आल्या होत्या. त्यांनी पेला उचलून उजेडात धरला, फिरवून बघितला, आणि म्हणाल्या, ‘हे माझ्या पोटात चाललं होतं होय.’ त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही. मळमळीसाठी त्यांनी गोळी रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची असं डॉक्टरांना फोनवर विचारून ठरवलं.

५ ऑगस्ट, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. आमच्याकडे मी आणि सासूबाई धरतो. महिला डब्यात निम्म्या बायकांचा उपास, आणि जवळजवळ सगळ्यांचा दिवस चहावर. उपासाला चहा चालतो, म्हणून तो कितीही चालतो. संध्याकाळी सोडताना साबुदाण्याची खिचडी, ज्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं. शेंगदाण्याचं कूट तेवढं कामाचं.

उपास मी सोडणार नाही. तो माझा आहे आणि मला हवा आहे. पण देवासाठी उपाशी राहणं वेगळं आणि चहा पिऊन दिवस काढणं वेगळं, असं मला मनापासून वाटतं. आजचा माझा उपास: सकाळी राजगिऱ्याची लाही दुधात, अकराला खजूर आणि शेंगदाणे, दुपारी राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, वर लिंबू. चहा नाही. सासूबाईंनीही आज दुपारचा चहा भाकरीनंतर दोन तासांनी घेतला. मी काही बोलले नव्हते.

१७ ऑगस्ट, शनिवार

भांडुपचा पूल एका दमात.

२ सप्टेंबर, सोमवार

हिमोग्लोबिन ११.६.

ऑफिसात आम्ही बायकांनी मिळून चहावाल्याला सांगितलंय की डबा खाल्ल्यावर लगेच येऊ नकोस, साडेतीन-पावणेचारला ये. त्याचा धंदा तेवढाच, आमचं जेवण अंगी लागेल. पुरुषांनी आधी कुरकुर केली, आता तेही साडेतीनलाच घेतात. बर्फवालीचं १०.१ झालंय.

११ सप्टेंबर, बुधवार

गौरीपूजन. गणपतीत नातेवाइकांकडे जाणं म्हणजे घरोघरी चहा. ‘नको’ म्हटलं की यजमानीण उभीच राहते, ‘मग कॉफी? दूध तरी?’ मी आता ‘नको’ म्हणत नाही, थेट मागते: कोकम सरबत, नाहीतर लिंबूपाणी. मागितलेलं द्यायला माणसाला आवडतं, नकार घ्यायला आवडत नाही. दोन घरी तर माझ्यामागून आणखी बायकांनी सरबत मागितलं. उकाड्यात कुणाला गरम चहा हवा होता देव जाणे.

एका चुलत नणंदेने विचारलं, ‘चहा सोडलास म्हणजे आयुष्यातली मजाच गेली नाही का?’ मी तिला खरं ते सांगितलं. मला अजूनही वासाने थांबायला होतं. आलं ठेचल्याचा आवाज शेजारून आला तरी. पण पायऱ्या चढताना छाती धडधडत नाही, केस विंचरताना फणीत गुंतवळ कमी निघतं, पाय रात्री गार पडत नाहीत, आणि सकाळी मी जेवते. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे आणि तिच्या खालच्या पापणीचा आतला भाग मला पांढुरका दिसला. तिला तपासणी करायला सांगितली आहे. पैसे मी देईन म्हटलं, तेव्हा हो म्हणाली.

६ ऑक्टोबर, रविवार

हिमोग्लोबिन १२.३. फेरिटिन १९.

पहिलं उद्दिष्ट गाठलं. दुसरं अर्ध्यावर आहे. हिमोग्लोबिन आधी भरतं आणि साठा मागाहून, म्हणून आकडा १२ च्या वर गेल्यावरही गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवायच्या आहेत. इथेच बहुतेक जणी थांबतात, बरं वाटायला लागलं म्हणून. आणि वर्षभरात पुन्हा पुलाच्या कठड्याला येऊन टेकतात.

डॉक्टर म्हणाले, चारचा एक कप आता घेतलात तरी चालेल, जेवणापासून पुरेसा लांब आहे. मी डिसेंबर संपेपर्यंत थांबणार आहे. त्यांना सांगितलं की फेरिटिन ३० दिसू दे, मग एक कप, चार वाजता, खाऊन झालेल्या पोटावर. ते बरं म्हणाले.

मावशींची तपासणी काल झाली, १०.७. सुरुवातीचा आकडा आमच्याकडे नाही, त्यामुळे किती वाढलं ते सांगता येणार नाही. सातचं खाणं चालू आहे. त्यांनी दुसऱ्या दोन घरी स्वतः सांगून चहाऐवजी पोळी-भाजी मागून घेतली, एका घरी मिळते, एका घरी नाही. त्या घरच्या बाईंशी मी बोलणार आहे, आमच्याच सोसायटीत राहतात. अळीव संपले आहेत. उद्या दादरहून पाव किलो आणायचे, नारळ घरात आहे. लाडू दोन्ही घरांसाठी.